स्पेनमध्ये शिकताना दुपारचं जेवण: अडीच ते चार राखून ठेवा

सप्टेंबरात सालामांकाला शिकायला गेले, तेव्हा पहिले चार दिवस माझी जेवणाची सगळी गणितं चुकली. दुपारी एकला पोटात कावळे ओरडायचे, पण खानावळीत टेबलं मांडणंच चालू असायचं. मग काहीतरी बिस्किटं-बिस्किटं खाऊन तीनपर्यंत भूक मारायची, आणि साडेचारला खरी भूक लागली की स्वयंपाकघर बंद. रात्री आठला पुन्हा तोच प्रकार. पाचव्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने मला अडीचला हाताला धरून एका बारमध्ये नेऊन बसवलं. चार वाजता तिथून उठले तेव्हा लक्षात आलं, की स्पेनमध्ये दिवस दुपारच्या जेवणाभोवती बांधलेला असतो. ते जमलं की बाकीचं आपोआप जमतं. म्हणून हा लेख. एक-दोन सत्रांसाठी किंवा पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या मराठी मुलामुलींना पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडावा, असा.

एक खुलासा आधीच करते. हे मेक्सिकन जेवण नव्हे. तिखटजाळ काही मिळणार नाही, आणि 'तोर्तिया' म्हणजे मक्याची पोळी नाही, बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट. मीठ, लसूण, ऑलिव्ह तेल आणि मंद आच यांच्यावर हा सगळा स्वयंपाक उभा आहे. पहिल्या घासाला फिका वाटेल. चटणीची बाटली पिशवीतच राहू द्या, निदान पंधरा दिवस.

आधी घड्याळ

स्पेनमध्ये लोक इतक्या उशिरा का जेवतात, याचं अर्धं उत्तर भूगोलात आहे. नकाशात स्पेन इंग्लंडच्या खाली आहे, पण त्याचं घड्याळ मात्र जर्मनीचं. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ते एक तास पुढे केलं गेलं आणि पुन्हा कधी मागे आलं नाही. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे जुलैमध्ये सालामांकात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी जवळजवळ अडीचला! पुण्या-नाशिकला सूर्य साधारण साडेबाराला माथ्यावर येतो आणि आपण एकपर्यंत पान वाढतो. सूर्याच्या हिशोबाने पाहिलं तर तिथली माणसं आपल्याच वेळेला जेवतात, फक्त घड्याळाचा काटा वेगळा आकडा दाखवतो. मला ही गोष्ट कळली आणि पोटाला समजावणं सोपं गेलं.

उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तुम्ही चमचा उचलता तेव्हा घरी संध्याकाळचे सहा-सात वाजलेले असतात, आणि नेमका त्याच वेळी आईचा फोन येतो: "अजून जेवली नाहीस?" घरच्यांना हे गणित एकदा नीट समजावून द्या.

दिवस असा लावून घ्या. सकाळी आठच्या सुमारास कॉफी आणि टोस्ट. अकराच्या सुट्टीत काहीतरी पोटात टाकायचंच, नाहीतर अडीचपर्यंत तग धरत नाही. टोमॅटो किसून लावलेला भाजका पाव किंवा तोर्तियाचा एक तुकडा पुरतो. अडीच ते चार मुख्य जेवण. सहा-साडेसहाला 'मेरिएंदा', म्हणजे आपलं चहा-बिस्किट. रात्री साडेनऊला हलकं काहीतरी: सूप, कोशिंबीर, अंडं. इथे पाठ्यपुस्तकातला एक शब्द फसवतो. पुस्तकात दुपारच्या जेवणाला 'आल्मुएर्थो' म्हटलेलं असतं, पण स्पेनच्या बऱ्याच भागांत आल्मुएर्थो म्हणजे ते अकराचं खाणं. दुपारचं जेवण ते 'कोमिदा'. कोणी आल्मुएर्थोला बोलावलं तर किती वाजता ते विचारून घ्या.

विषय निवडताना शक्य असेल तर दोन ते चार मोकळे ठेवा. तीनचा तास घेणं म्हणजे वर्षभर डबा. डबा वाईट नाही, तिथली मुलंही 'तापेर' आणतात आणि विद्यापीठातल्या मायक्रोवेव्हसमोर दोन वाजता रांग लागते. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी बसून, ताटावर, चार माणसांत जेवता आलं पाहिजे.

कुठे जेवायचं

यजमान कुटुंबाकडे राहणार असाल तर करारात दोन शब्द दिसतील. 'पेन्सिओन कोंप्लेता' म्हणजे तिन्ही वेळचं जेवण, आणि 'मेदिआ पेन्सिओन' म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. मेदिआ घेतलंत तर ते एक जेवण दुपारचं मागा. घरातला खरा स्वयंपाक दुपारी होतो. रात्री बहुतेक घरांत उरलंसुरलं किंवा झटपट काहीतरी असतं.

विद्यापीठाचं भोजनालय, 'कोमेदोर', हा सर्वांत स्वस्त मार्ग. ग्रानादासारख्या शहरात विद्यार्थ्यांचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. ओळखपत्र दाखवायचं, ट्रे घ्यायचा, पुढे सरकायचं. चव मेसची, पण पोट भरतं आणि बाहेरच्यापेक्षा खूप कमी पैशात. ग्रानादाला संध्याकाळी पेयाबरोबर फुकट तापा मिळतात हेही खरं, पण त्या बशीभर खाण्यावर दुपारचं जेवण भागवायला जाऊ नका. तापा हा गप्पांचा खुराक आहे.

आणि तिसरी जागा म्हणजे बार. घरी हा शब्द जपून वापरा, कारण आपल्याकडे बार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळ्या काचा येतात. स्पेनचा बार म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं उपाहारगृह. सकाळी तिथे आजोबा पेपर वाचत कॉफी पितात, शाळेतून सुटलेली पोरं रस पितात आणि दुपारी शेजारच्या बँकेतले, दुकानातले, बांधकामावरचे सगळे जेवायला येतात. बांधकामावरचे कामगार जिथे बसतात तो बार निवडा. मोठ्या चौकात, चित्रं छापलेल्या पाच भाषांतल्या मेनूसमोर बसू नका. चौकापासून दोन गल्ल्या आत शिरलं की तेच जेवण स्वस्त आणि गरम मिळतं.

'मेनू' मागाल तर मेनूकार्ड येणार नाही

हा गोंधळ प्रत्येकाचा एकदा होतोच. आपण बसतो आणि म्हणतो, "मेनू, प्लीज." वाढणारी बाई मान डोलावते आणि थेट विचारते, पहिलं काय आणू? कारण स्पेनमध्ये 'मेनू' म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण, आपल्या भाषेत राइस प्लेट म्हणा. पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्ता' मागायची. कार्तावरून मागवलेलं प्रत्येक ताट वेगळ्या पैशांचं, त्यामुळे विद्यार्थ्याने दुपारी कार्ताच्या वाटेला न गेलेलं बरं.

या मेनूचं पूर्ण नाव 'मेनू देल दिआ', आजचं जेवण. त्याची सुरुवात सरकारी आहे. १९६४ साली, मानुएल फ्रागा पर्यटन खात्याचे मंत्री असताना, परदेशी पाहुण्यांना वाजवी दरात भरपेट जेवण मिळावं म्हणून उपाहारगृहांना 'मेनू तुरीस्तिको' ठेवायला लावलं गेलं. पाहुण्यांपेक्षा ते स्थानिक नोकरदारांनीच जास्त उचललं, पुढे नाव बदललं, आणि आज सोमवार ते शुक्रवार देशभर दुपारी हेच चालतं. किंमत साधारण १२ ते १६ युरो. लहान गावात कमी, माद्रिद-बार्सिलोनाच्या मध्यवस्तीत जास्त. शनिवार-रविवारी 'खास' मेनू असतो आणि पैसेही खास.

या पैशात पाच गोष्टी येतात: पहिलं ताट, दुसरं ताट, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय. पावाला स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणतात, त्यामुळे जेवणाआधी टेबलावर पान आलं म्हणून दचकायचं नाही. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांचा शब्द व हा शब्द सख्खे भाऊ. बटाट्याचंही तसंच. पोर्तुगीज 'बाताता'वरून आपला बटाटा, इथे 'पाताता'. पेय म्हणजे पाणी, बिअर किंवा वाइन यांपैकी एक, आणि पाण्याची किंमत वाइनइतकीच धरलेली असते. न पिणाऱ्याने 'आगुआ' म्हणावं, कोणीही भुवया उंचावत नाही. 'गोड *किंवा* कॉफी' यातला 'किंवा' लक्षात ठेवा, दोन्ही घेतलंत तर कॉफीचे वेगळे पैसे लागतात. मेनू न घेता एखादंच ताट खाल्लं, तर साधं नळाचं पाणी मागा: "आगुआ देल ग्रिफो". २०२२ च्या कायद्याने ते फुकट देणं उपाहारगृहांना बंधनकारक आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

फळा वाचायचा कसा

दारात काळा फळा असतो, खडूने लिहिलेला, अर्धा पुसलेला. सालामांकातल्या माझ्या नेहमीच्या बारमधला एक फळा मी वहीत उतरवून ठेवला होता, तो असा:

प्रिमेरोस: लेंतेखास, एन्सालादा मिक्स्ता, क्रेमा दे कालाबाथिन, खुदिआस वेर्देस कोन खामोन.
सेगुंदोस: पोयो आसादो, मेर्लुथा, लोमो कोन पातातास, आल्बोंदिगास.
पोस्त्रे: फ्लान, आर्रोथ कोन लेचे, फळ, दही.

वरच्या ओळीतलं एक, खालच्या ओळीतलं एक आणि शेवटचं एक, असं निवडायचं. लेंतेखास म्हणजे मसूर, अख्खे, दाटसर, खोलगट ताटलीत. एन्सालादा मिक्स्ता ही कोशिंबीर, पण तिच्यावर न सांगता ट्यूना मासा पसरलेला असतो. कालाबाथिन हे हिरवं झुकिनी, त्याचं घोटलेलं सूप. खुदिआस वेर्देस म्हणजे फरसबी, आणि पुढचं 'कोन खामोन' म्हणजे डुकराच्या मांसासकट. खाली पोयो कोंबडी, मेर्लुथा हा पांढरा सौम्य मासा, लोमो डुकराचं मांस, आल्बोंदिगास खिम्याचे गोळे. फ्लान म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड. आर्रोथ कोन लेचे ही तांदळाची खीरच, फक्त वेलदोड्याऐवजी दालचिनी आणि लिंबाची साल, आणि थंड. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करते.

उच्चाराचं एक सूत्र सांगून ठेवते. स्पेनच्या बहुतेक भागात झेड हे अक्षर 'थ' होतं आणि जे हे अक्षर घशातला 'ख'. म्हणून पुस्तकातला 'जामोन' खामोन होतो. दक्षिणेकडच्या अंदालुसिआत गेलात तर बऱ्याच ठिकाणी 'थ'चा पुन्हा 'स' होतो आणि शब्दांच्या शेपट्या गळून पडतात. तिथे पहिला आठवडा फळ्याकडे बोट दाखवा.

'मेनू' खूप जड वाटत असेल तर 'प्लातो कोंबिनादो' असतो: एकाच ताटात अंडी, बटाटे, थोडी कोशिंबीर, एखादा तुकडा. काही ठिकाणी 'मेदिओ मेनू' म्हणजे अर्धा मेनूही मिळतो. भूक कमी आणि तास साडेतीनचा, अशा दिवशी हे बरं.

शाकाहारी असाल, किंवा गोमांस खात नसाल

इथे जरा थांबून सांगते, कारण आपल्यापैकी निम्मे याच धास्तीने दुपारभर सँडविच खात बसतात.

स्पेनमध्ये 'कार्ने' म्हणजे मांस हा शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भाजलेला मोठा तुकडा येतो. खामोन हे त्याच्या लेखी मांसात मोडतंच असं नाही, ते मीठ-मिरपुडीसारखं चवीला घालायचं असतं. त्यामुळे "मी मांस खात नाही" एवढ्याने भागत नाही. पूर्ण वाक्य पाठ करा: "सोय वेखेतारिआना, नो कोमो कार्ने, नि खामोन, नि पेस्कादो." मुलगा असाल तर शेवटी 'नो' लावून 'वेखेतारिआनो'. अंडं चालत असेल तर जोडा: "उएवो, सि." आणि प्रत्येक ताटाबद्दल वेगळं विचारा: "येवा खामोन?" म्हणजे यात खामोन आहे का? सूप असेल तर पाणी कशाचं आहे तेही, कारण 'काल्दो' बऱ्याचदा हाडांचा असतो. 'मान्तेका' दिसलं तर ती डुकराची चरबी. लोणी म्हणजे 'मान्तेकिया'. दोन अक्षरांचा फरक.

माझ्या यजमानबाईंचा पहिला मसूर मला अजून आठवतो. मी दोनदा सांगितलं होतं, मांस नको. त्यांनी मान हलवली होती. ताटली समोर आली, तर मसुरावर नारिंगी तेलाची गोल गोल वर्तुळं तरंगत होती. मी ताटलीकडे पाहतेय हे बघून त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, "चोरिथो काढून टाकलाय, तुझ्यासाठी." चोरिथो म्हणजे डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज. दोन तास शिजताना तो आतच होता, एवढंच. त्या दिवशी मी पाव आणि टोमॅटो खाल्ले आणि आम्ही दोघींनी वहीवर चित्रं काढून तह केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मसूर. तमालपत्र, अख्खा लसणाचा गड्डा, गाजर, आणि पुन्हा तोच धुरकट वास! मी चमचा खाली ठेवला. बाई उठल्या, आतून एक छोटा पत्र्याचा डबा आणला, झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरला. पिमेन्तोन, लाल मिरचीची पूड. कासेरेसच्या बाजूला, ला वेरा खोऱ्यात, ओकच्या लाकडाच्या धुरावर मिरच्या वाळवतात आणि मग दळतात. चोरिथोला तो वास येतो तो याच पुडीमुळे. "एस्तास सोन विउदास," त्या म्हणाल्या. ही विधवा आहे.

हा शब्द मात्र पाठ करा. बिनामांसाच्या मसुराला 'लेंतेखास विउदास' म्हणतात, तशाच बटाट्याला 'पातातास विउदास'. लॅटिनमधला 'विदुआ' आणि आपला 'विधवा' मुळात एकच, त्यामुळे आपल्याला तो लगेच कळतो, आणि कानाला थोडा टोचतोही. पण बारमध्ये मोठ्या वयाच्या स्वयंपाकीणबाईंना 'वेखेतारिआना' या शब्दापेक्षा हा पटकन समजतो, हा माझा वर्षभराचा अनुभव आहे.

दुसरी युक्ती: सेगुंदोच्या यादीत शाकाहारी जवळजवळ काही नसतं, पण प्रिमेरोच्या यादीत एखाद-दोन पदार्थ निघतात. तेव्हा विचारा, "पुएदो पेदिर दोस प्रिमेरोस?" दोन पहिली ताटं घेऊ का? बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, किंमत तीच. मी आठवड्यातून तीनदा असंच जेवायचे.

जमेल असं काय काय सापडतं? पिस्तो, म्हणजे ला मांचाकडची टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनीची शिजवून आटवलेली भाजी, वर तळलेलं अंडं. सेवियात पालक आणि काबुली चणे, जिरं घातलेले, आपल्या जिभेला सगळ्यांत जवळचे. कातालोनियात भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा. कोर्दोबात वांग्याचे तळलेले काप, वर मधासारखा पाक. आर्रोथ आ ला कुबाना: पांढरा भात, टोमॅटोचं सार म्हणावं असं काहीतरी आणि तळलेलं अंडं. आजारी पडल्यावर मी तेच मागायचे. उन्हाळ्यात गाथ्पाचो, थंडगार आंबट टोमॅटोचं पातळ सूप. त्याचा कोर्दोबाकडचा दाट भाऊ साल्मोरेखो, पण त्याच्यावर खामोनचे तुकडे भुरभुरलेले असतात, ते आधीच नको म्हणून सांगायचे. मालागाकडे बदाम-लसणाचं पांढरं आखोब्लांको. क्रोकेता, म्हणजे सारण भरून तळलेले छोटे गोळे, मात्र विचारल्याशिवाय नाही, आत बहुधा खामोनच. चतुर्थीला तळलेले बटाटे मागवणार असाल, तर त्याच तेलात माशाच्या चकत्याही तळल्या असतील हे डोक्यात असू द्या. ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही, त्यांनी दुपारचं जेवण स्वतः शिजवावं.

मांसाहारी असून गोमांस टाळायचं असेल तर 'तेर्नेरा', 'वाका', 'बुएय' आणि 'राबो दे तोरो' हे शब्द ओळखा. आल्बोंदिगासमध्ये बहुधा गाय-डुक्कर मिसळलेलं असतं, कायोस म्हणजे वजडी, आणि नुसतं 'फिलेते' किंवा 'सोलोमियो' लिहिलं असेल तर कशाचं ते विचारा. पोयो, कोर्देरो म्हणजे मेंढीचं कोकरू, आणि मासे बिनधास्त. 'थेर्दो' म्हणजे डुक्कर, पण गंमत अशी की फळ्यावर तो शब्द क्वचितच असतो. लोमो, सेक्रेतो, प्रेसा, तोथिनो अशी त्याची नावं असतात. मोर्थिया म्हणजे रक्ताचं सॉसेज.

बसल्यापासून उठेपर्यंत

दोनच्या आत पोचलात तर जागा निवडता येते. अडीचला गर्दी. साडेतीननंतर फळ्यावरच्या निम्म्या ओळी खडूने खोडलेल्या असतात आणि बाई म्हणते, "से आ आकाबादो," संपलं. आत शिरताना एकंदरीतच, सगळ्यांना उद्देशून, "बुएनास" म्हणायचं. विचारतील "पारा कोमेर?" जेवायला का? हो म्हटलं की कागदी टेबलक्लॉथ पसरतील. नुसतं पेय घेणाऱ्यांची जागा वेगळी असते, त्यामुळे न विचारता मांडलेल्या टेबलावर बसू नये.

बाई वहीशिवाय येते आणि धडाधड दहा पदार्थ म्हणून दाखवते. घाबरू नका. "दे प्रिमेरो, लेंतेखास, दे सेगुंदो..." असं क्रमाने सांगा. एकदम सगळं ताटात येत नाही. पहिलं संपवायचं, मग दुसरं येतं. आपल्याला डावी-उजवी बाजू वाढलेल्या पानाची सवय, त्यामुळे मी सुरुवातीला पहिलं ताट अर्धं ठेवून दुसऱ्याची वाट पाहत बसायचे, आणि बाई मला आवडलं नाही असं समजून काळजीत पडायची.

हाताने पाव तोडायचा, बाकी काटा-सुरी. पाव ताटलीत ठेवत नाहीत, सरळ टेबलक्लॉथवर डाव्या हाताला ठेवतात. रस्सा पावाने पुसून घ्यायला घरी आणि साध्या बारमध्ये काहीच हरकत नाही, उलट कौतुक होतं. संत्रंसुद्धा काहीजण सुरीने सोलून काट्याने खातात. ते कौशल्य मला वर्षभरात आलं नाही.

शेजारून जाणारा अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून "के आप्रोवेचे" म्हणेल. हे आपलं "सावकाश होऊ द्या". "ग्राथिआस" म्हणायचं आणि पुढच्या वेळी आपणही कोणालातरी म्हणायचं. टाळी किंवा चुटकी वाजवून बोलावू नये, नजर मिळाली की "पेर्दोना" पुरे.

घरी जेवत असाल तर आणखी दोन गोष्टी. यजमानबाईंशी सुरुवात अहो-जाहोने करा, म्हणजे 'उस्तेद'ने. बहुधा त्या दुसऱ्याच दिवशी म्हणतील, "तूतेआमे," मला अगं म्हण. आणि जेवायला येणार नसाल तर सकाळीच सांगा. दुपारी दोनला "आज मी बाहेर जेवते" असा निरोप पाठवणं तिथेही आपल्याइतकंच लागतं.

वार, ऋतू, गाव

फळ्यालाही वार असतात. गुरुवारी भात, म्हणजे पाएया, ही माद्रिद-बार्सिलोनाकडच्या बारांची जुनी रीत. पण पाएया खरी खायची तर वालेन्सियात, दुपारीच, रविवारी. मूळ वालेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, फरसबी आणि 'गार्रोफो' नावाचे मोठे पांढरे घेवडे असतात. समुद्री जिन्नसांची निराळी. किमान दोघांसाठीच करतात, तेव्हा मित्र घेऊन जा. पातेल्याच्या तळाला धरलेली खरपूस खरवड, तिला 'सोकार्रात' म्हणतात, आणि तिच्यासाठी टेबलावर चमच्यांची लढाई होते. आपल्याकडे दुधाच्या पातेल्यासाठी होते तशीच.

थंडीत 'चमच्याचे पदार्थ' सुरू होतात. कडधान्यं, रस्से, वाफाळतं काहीतरी. सालामांकाजवळच्या ला आर्मुन्याचा मसूर नावाजलेला आहे. आस्तूरियासला गेलात तर फाबादा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची, चोरिथो-मोर्थियासकट. माद्रिदचा कोथिदो तीन खेपांत वाढतात: आधी शेवया घातलेला काढा, मग चणे आणि भाज्या, शेवटी मांस. कोथिदो खाऊन चारच्या तासाला जाण्याची कल्पना सोडून द्या. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी चणे-पालकाचा 'पोताखे' निघतो. दिसायला शाकाहारी, आत खारवलेला मासा.

ऑगस्टमध्ये निम्म्या बारांच्या दारावर सुट्टीचा कागद चिकटवलेला असतो. एक ते चार दुकानं बंद ठेवण्याची महती पुणेकरांना सांगायला नको, पण हे एक ते चार नाही, अख्खा महिना असतो.

जेवण झालं, तरी उठायचं नाही

ताटं उचलली गेली, कॉफी आली, आणि आता जे सुरू होतं त्याला स्वतंत्र नाव आहे: 'सोब्रेमेसा'. टेबलावर मागे रेलून गप्पा. कॉफी साधारण 'सोलो' किंवा थोडं दूध घातलेली 'कोर्तादो', दुधाळ कॉफी ही सकाळची. अर्धा तास सहज जातो, रविवारी घरी दोन तास. मी स्पॅनिश शिकले ती बरीचशी इथे. वर्गात व्याकरण बरोबर असायचं, पण चार माणसं एकाच वेळी, एकमेकांना तोडत, हसत बोलतात तेव्हा मध्ये शिरायचं कसं ते सोब्रेमेसात कळलं. सुरुवातीला नुसतं ऐका. मग एखादा प्रश्न टाका, उदाहरणार्थ खऱ्या तोर्तियात कांदा असावा की नसावा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

सियेस्ताबद्दल, म्हणजे दुपारच्या झोपेबद्दल, सगळे विचारतात. शहरात नोकरी-कॉलेज असलेली माणसं रोज झोपत नाहीत. रविवारी घरात सोफ्यावर सगळेच कलंडतात.

बिल आपणहून कोणी आणत नाही. तुम्ही बसलाय तोवर जागा तुमची, बिल पुढे ठेवणं म्हणजे उठा म्हणणं. पंधरा मिनिटं वाट पाहून, यांना माझे पैसे नकोत का, असं मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं होतं. "ला कुएंता, पोर फावोर" म्हणा, किंवा सरळ काउंटरवर जाऊन द्या. कर किमतीत धरलेला आहे ना, हे फळ्यावर 'इवा' या शब्दाशेजारी बघून घ्या. टीप सक्तीची नाही, सुटी नाणी ठेवली तरी चालतं. मित्रांत बिल समान वाटण्याची पद्धत आहे, तुम्ही नुसतं सूप घेतलं असलं तरी, तेव्हा काय मागवायचं ते त्या बेताने.

आणि दर दोन दिवसांनी नवा बार शोधण्यापेक्षा एकच धरून ठेवा, तोच वार, तीच वेळ. ऑक्टोबर संपेपर्यंत मी आत शिरले की पाण्याची बाटली टेबलावर आलेली असायची. नोव्हेंबरात एकदा पैसे देऊन निघत होते, तेव्हा काउंटरमागून बाई ओरडली, "मान्याना, लेंतेखास. विउदास!" दोनलाच ये म्हणाली, एकच ताटली बाजूला काढून ठेवणार होती.